बाकावरचं अंतर

बाई, तुमच्याबद्दल मला पहिला संशय आला तो तुमच्या छत्रीवरून. शनिवारची शाळा सकाळची असायची. अकराला घंटा झाली की मोठ्या बाई दाराला कुलूप लावून बाजाराच्या वाटेने घरी जायच्या, आणि तुम्ही मात्र तुमच्या खोलीच्या उलट दिशेला, स्टेशनाकडे निघायचात. दिवस थंडीचे, आभाळ निवळलेलं, अंगावर घ्यावंसं वाटेल असं ऊन. तरी तुमची काळी छत्री उघडलेली आणि थेट कपाळापर्यंत खाली ओढलेली. दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून वर आलेला फिरकीच्या झाकणाचा तांब्या. मी तेरा वर्षांची होते. लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीतल्या आमच्या खोलीच्या दारातून स्टेशनाचा रस्ता सरळ दिसायचा, आणि दर शनिवारी मी त्या दारात तांदूळ निवडायला बसायचे. अम्माला वाटायचं, पोरगी कामाला लागली. मी तुमच्या छत्रीची वाट बघत असायचे.

गावाला तुमचा संशय यायला छत्रीचीही गरज नव्हती. तुम्ही विधवा, पण केस राखलेल्या. पुण्याला ट्रेनिंग करून आलेल्या, बाजारामागच्या एका खोलीत एकट्या राहणाऱ्या. सासरचं कुणी फिरकत नाही, माहेरचं कुणी येत नाही. नळावर बायका बोलायच्या. आमच्या शेजारची पॉइंट्समनची बायको म्हणायची, "चोरी नसती तर तोंड कशाला झाकलं असतं?" अम्मा म्हणायची, "जाऊ दे, आपल्याला काय करायचंय," आणि हंडा डोक्यावर घेता घेता विचारायची, "पण जाते कुठं गं ती, दर शनिवारी?" अब्बा लोको शेडात फिटर होते. हातावरचं काळं तेल राखेने घासत ते एकदाच म्हणाले, "शिकवते कशी तेवढं सांगा. बाकीचं तिचं ती बघेल." तुम्ही शिकवत होतात ते अब्बांना सांगता येण्यासारखं नव्हतं, कारण तुम्ही आम्हाला संशयच शिकवत होतात.

तुमचा तो तास अजून डोळ्यांपुढे आहे. शुक्रवारी दुपारी शेवटच्या तासाला तुम्ही जुन्या मासिकांतून कापून काढलेल्या गोष्टी आणायचात. सगळ्या मुलांच्या चुकांच्या. कुणी खोटं बोललेलं, कुणी आईचा निरोप विसरलेलं, कुणी मैत्रिणीची वस्तू लपवलेली. प्रत्येक गोष्टीच्या खाली छापलेलं तात्पर्य तुम्ही खळ लावून कागदाच्या पट्टीने झाकून टाकलेलं असायचं. आम्ही नखाने ती पट्टी खरवडायला बघायचो आणि तुम्ही म्हणायचात, "तात्पर्य लिहिणाऱ्याला घाई असते. आपल्याला नाही." मग फळ्यावर चार प्रश्न लिहायचात. चूक कुणाची? त्या वेळी तिला काय हवं होतं? जागा कोणती? आणि चौथा, ज्याच्याखाली तुम्ही दोन रेघा ओढायचात: गोष्ट कोण सांगतंय? "चूक करणारी मुलगी मूर्ख नसते," तुम्ही सांगता आहात, खडूचे हात लुगड्याला लागू नयेत म्हणून लांब धरून. "तिला तिथून जे दिसलं त्याप्रमाणे ती वागली. तिथे जाऊन उभ्या राहा म्हणजे तुम्हाला कळेल. आणि सांगणारीवर लगेच विश्वास ठेवू नका. तिने काय पाहिलं, काय नुसतं धरून चाललीय आणि काय गाळलंय, ते शोधा." वर्गातल्या बाकीच्या मुली कंटाळून वेण्यांशी चाळा करायच्या. माझ्या मात्र हातात जणू चिमटा आला होता. मी त्या चिमट्याने सगळ्यांना उचलून बघू लागले, आणि सगळ्यांत आधी तुम्हाला.

मग तुम्ही आम्हालाच गोष्ट लिहायला सांगितलीत, आपल्या हातून घडलेल्या चुकीची. माझी चूक खरी होती. मी आठ वर्षांची असताना अब्बांचा जेवणाचा डबा घेऊन शेडकडे निघाले आणि वाटेत एका अस्वलवाल्याचा खेळ बघत थांबले. पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी संपून अब्बा उपाशीच कामाला लागले होते. मी सांगितलं, अम्माने स्वयंपाक उशिरा केला. संध्याकाळी अब्बा घरी आल्यावर अम्माला काय काय बोलले, आणि ती काय झालंय ते न कळून नुसती बघत राहिली. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. गोष्टीचा शेवट मी असा केला होता: "त्या रात्री अम्माने मला दोन भाकऱ्या वाढल्या आणि मी दोन्ही खाल्ल्या."

तुम्ही वही हातात घेऊन माझ्या बाकाशी आलात. सगळा वर्ग बघतो आहे. "हा शेवट कुठून उतरवलास?" मी म्हटलं, "कुठून नाही, बाई." "खरं सांग. तेरा वर्षांच्या मुलीला असा शेवट सुचत नाही. कुठल्या मासिकात वाचलास?" मागून कुणीतरी खुदकन हसलं. दुसरी म्हणाली, "हिच्या घरी कुठलं आलंय मासिक?" तुम्ही तिला गप्प केलंत, पण प्रश्न मागे घेतला नाहीत. वही माझ्यासमोर ठेवून पुढच्या बाकाकडे गेलात. मला वाटलं, मुसलमान फिटरच्या मुलीच्या हातून असं मराठी उतरत नाही, असं तुमच्या मनात असणार. तसं नव्हतंही कदाचित. पण चौथा प्रश्न तुम्ही मला शिकवला होता आणि तो मला तुमच्याबद्दल विचारता येत होता.

चार दिवसांनी तुम्ही मला शाळेच्या मागच्या ओट्यावर बोलावलंत. तिथे कुणी नव्हतं. तुमच्या हातात एक नवी वही होती, जाड पुठ्ठ्याची, निळ्या कापडी पाठीची. शाळेत कुणाकडेच तसली नव्हती. "मी चार ठिकाणी विचारलं, मासिकं चाळली," तुम्ही म्हणालात. "ती गोष्ट तुझी आहे. मी चुकले. ह्या वहीत पहिल्या पानावर ती सुवाच्य अक्षरात लिहून काढ. आणि लिहीत जा. डोळ्यांनी पाहिलेलं लिही." मी वही घेतली. थँक्यू म्हणायला तुम्हीच शिकवलं होतंत, पण मी म्हटलं नाही. चोर ठरवलंत तेव्हा बत्तीस मुली ऐकत होत्या. माफी मागितलीत तेव्हा ओट्यावर एक मांजर होतं. हा हिशोब मी घरी जाईपर्यंत मनात घोळवत राहिले.

त्याच महिन्यात कामशेतच्या खालाला, अम्माच्या बहिणीला, मुलगी झाली. तिच्या घरी तांदळाचा व्यापार, घर नेहमी भाताच्या कोंड्याने भरलेलं, आणि अम्माला तिच्या मदतीला जायचं होतं. अब्बांनी शनिवारची सुट्टी घेतली आणि आम्ही दुपारच्या पॅसेंजरने निघालो. मळवलीला गाडी थांबली. मी खिडकीशी होते. अब्बा पलीकडच्या दारात कुणा ओळखीच्या गार्डशी बोलत होते, अम्मा डुलक्या घेत होती. फलाटाच्या टोकाला, चिंचेखाली, एक बाक. बाकाला टेकवून ठेवलेली मिटलेली काळी छत्री मी आधी ओळखली, मग तुम्हाला.

मी काय पाहिलं ते आज अगदी जसंच्या तसं लिहिते. बाकाच्या एका टोकाला तुम्ही होतात. दुसऱ्या टोकाला एक पुरुष, वयाने तुमच्याहून लहान वाटणारा, अंगाला मोठा होणारा कोट, गळ्याभोवती दोन वेढे दिलेला मफलर. तुमच्या दोघांत आणखी दोन माणसं आरामात बसली असती एवढी जागा. त्या जागेत तुमचा तांब्या आणि एक जर्मनचा पेला. तुम्ही वरून दूध ओतलंत, पेल्याला तांब्या लागू न देता. तुमचा हात मागे गेल्यावरच त्याने पेला उचलला. पिऊन झाल्यावर त्याने तोंडावर रुमाल धरला, मान फिरवली, आणि तो पेला स्वतःच एका फडक्यात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवला. मग तो काहीतरी बोलला आणि तुम्ही हसलात. मान मागे टाकून, दात दिसतील अशा हसलात. गाडी सुटली.

पेला, रुमाल, मधली जागा, हे सगळं मला दिसलं होतं. पण मी बरोबर घेऊन आले ते तुमचं हसणं. वर्गात तुम्ही आमच्यापैकी कुणासाठी कधी तशा हसला नव्हतात. पुढच्या आठवडाभर मला दुसरं काही सुचलं नाही. मत्सर हा शब्द मला तेव्हा लिहिता येत होता, पण त्याचा अर्थ असा पोटात असतो हे माहीत नव्हतं. मी त्याला संशय म्हणत होते, कारण संशय घ्यायला तुम्हीच शिकवलं होतंत.

निळ्या वहीच्या पहिल्या पानांवर डब्याची गोष्ट उतरवून झाली होती. तिच्या पुढच्या पानांवर मी दुसरी गोष्ट लिहिली आणि तिला नाव दिलं 'छत्री'. विषय तोच, तरुण वयातली चूक. फक्त या वेळी चूक माझी नव्हती, तुमची होती असं मला वाटत होतं. तुम्ही सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होतात. तेव्हा तुम्ही मला केवढ्या तरी मोठ्या वाटायचात. आज माझी धाकटी बहीणसुद्धा तेवढी लहान उरलेली नाही. गोष्टीत नाव कुणाचंच नव्हतं. एक बाई होती, तिची छत्री होती, शनिवार होता, स्टेशन होतं. लिहून झाल्यावर वाचून पाहिली तर गोष्ट उभी राहत नव्हती. दूध, पेला, फडकं ही भरताड वाटत होती. ती वाचून कुणाला काहीच कळलं नसतं. म्हणून मी ती काढून टाकली. आणि तुम्हीच सांगितलं होतंत की वाचणाऱ्याला एक ठसठशीत हालचाल द्यावी, ती त्याच्या लक्षात राहते. मी लिहिलं: "त्याने तिचा हात हातात घेतला आणि ती हसली." लगेच गोष्ट उभी राहिली. मला आठवतं, मला आनंद झाला होता.

ती कुणाला दाखवायची असं मी ठरवलं नव्हतं. हे आता कुणाला खरं वाटणार नाही, मलाही पुरतं वाटत नाही. पण पुढच्याच आठवड्यात शाळेची तपासणी आली. शिक्षण खात्याचे दिपोटीसाहेब पुण्याहून आले, बरोबर शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ होते, बाजारात ज्यांना सगळे वाट देत. साहेबांनी गणितं घातली, नद्या विचारल्या, कविता म्हणवून घेतल्या. मग म्हणाले, "एखाद्या मुलीने स्वतः काही लिहिलंय का?"

तुम्ही वर्गावर नजर फिरवलीत आणि माझ्याकडे बोट केलंत. "हिने लिहिली आहे गोष्ट, साहेब. फार चांगली आहे. हिचीच आहे, कुठून उतरवलेली नाही, हे मी खात्रीने सांगते." ते तुम्ही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात. मग माझ्याकडे वळून हळूच, "पहिलं पान काढ."

बाई, तुम्ही त्या दिवशी बत्तीस मुलींसमोर माझं माझ्या पदरात टाकत होतात. ते मला तेव्हाच कळलं. मी उभी राहिले, वही उघडली, पहिलं पान समोर होतं, डब्याची गोष्ट, माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात. आणि मी पानं उलटली.

मी वाचते आहे. माझाच आवाज मला लांबून येतो आहे. 'छत्री' हा शब्द आला आणि तुमचा हात टेबलाच्या कडेवर थांबला. तुम्ही मला थांबवू शकत होतात. "ही नव्हे, दुसरी," एवढे तीन शब्द पुरे होते. तुम्ही थांबवलं नाहीत. मुलींच्या रांगेत कुजबूज सुरू झाली, कारण ती छत्री अख्ख्या गावाला माहीत होती. फक्त साहेबांना माहीत नव्हती. हाताचं वाक्य आलं, गोष्ट संपली. साहेब खूश झाले. "शाबास! भाषा ओघवती आहे. बरं, तात्पर्य काय घ्यायचं?" तेव्हा खुर्चीतल्या खुर्चीत वळून कमिटीचे गृहस्थ म्हणाले, "तात्पर्याचं आम्ही बघतो."

सोमवारी मला आणि अब्बांना शाळेच्या ऑफिसात बोलावणं आलं. अब्बा कामाच्या कपड्यांतच आले, टोपी हातात धरून भिंतीशी उभे राहिले. तुम्ही खिडकीजवळ होतात. टेबलावर माझी निळी वही होती. त्या गृहस्थांनी विचारलं, "मुली, हे तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस?"

"हो."

"हातात हात घेतलेला?"

"हो."

अब्बा पुढे झाले. "साहेब, पोरीनं गोष्ट लिहिलीय. गोष्टीवरून कुणाची नोकरी काढतात का?"

"गोष्टच असेल तर बाईंनी तसं सांगावं. मळवलीला कुणी भेटत नाही म्हणावं, विषय संपला." ते तुमच्याकडे वळले. "कोण आहे तो माणूस?"

"माझ्या घरचा आहे," तुम्ही म्हणालात.

"घरचा म्हणजे कोण? कुठे राहतो? त्याला इथे आणून उभा करा. आम्ही चार शब्द विचारू, संशय फिटेल."

तुम्ही खिडकीपासून टेबलाकडे आलात. मग म्हणालात, "ते मला करता येणार नाही." आणि थोड्या वेळाने, "मुलीला बाहेर बसवा. तिचं काम झालं."

घरी जाताना अब्बा रुळांच्या कडेने माझ्यापुढे चालत होते. फाटकापाशी थांबून त्यांनी मागे वळून विचारलं, "बेटा, हात धरलेला तू खरंच बघितलास?" मी तिसऱ्यांदा हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. अब्बांना मी खोटं बोलले की काय अशी शंका आली आहे, हे मला दिसलं; पण त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांनी मला तिथेच धरून हलवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. आणि आपल्या न बोलण्याचा दोष मी त्यांच्यावर ढकलते आहे, हेही लगेच लक्षात आलं.

शाळा सोडायला तुम्हाला आठ दिवसांची मुदत दिली होती. शेवटच्या दिवशी तुम्ही मला थांबवून घेतलंत. कमिटीकडून परत आलेली वही तुमच्यापुढे होती. तुम्ही नेहमीसारखी लाल शाईची दौत उघडलीत, टाक बुडवलात, 'छत्री'च्या शेवटी एक ओळ लिहिलीत, शाई वाळेपर्यंत थांबलात आणि वही मिटून माझ्या हातात दिलीत. "शुद्धलेखन बरं आहे," म्हणालात. तुमचा आवाज रोजच्यासारखाच होता. मला वाटलं, तुम्ही रडाल किंवा शाप तरी द्याल. तुम्ही खडूची पेटी कपाटात ठेवायला वळलात.

घरी येऊन मी ती ओळ वाचली. "बाकावर दोघांत किती अंतर होते, ते लिहायचे राहिले."

मी घाबरले. तुम्हाला कसं कळलं की मला ते दिसलं होतं? ही धमकी आहे, असं मला वाटलं. तुम्ही वही परत मागून कुणाला तरी ही ओळ दाखवाल, आपली बाजू सावरायला तिचा उपयोग कराल, असं वाटलं. मी ते पान फाडून चुलीत घातलं. तुमच्या हातचं अक्षर माझ्याकडे उरलेलं तेवढंच होतं. आता ती ओळ माझ्या आठवणीतच आहे, आणि माझ्या आठवणीवर मी इतर कुणावर ठेवते त्याहून जास्त विश्वास ठेवत नाही.

पुढे अब्बांनी हट्टाने मला शिकवलं. नातेवाइकांनी नावं ठेवली, अम्मा रडली, पण मी पुण्याला ट्रेनिंग केलं आणि कामशेतच्या मुलींच्या शाळेत लागले. लोणावळ्यात तुमचं नाव कुणी काढत नव्हतं. ती पळून गेली, एवढंच ठरून गेलं होतं, आणि मीही त्यावर विश्वास ठेवायची खटपट करत होते. शाळेत मुली कमी म्हणून आम्हाला आजूबाजूच्या गावांत घरोघरी फिरून पालकांना सांगावं लागे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी मळवलीजवळच्या कार्ल्याला गेले. भातकापणी झाली होती, खळ्यावर झोडणी चालली होती. गावाच्या कडेच्या घरापुढे एक म्हातारी नातीच्या डोक्याला तेल लावत बसली होती. मी म्हटलं, "मावशी, नातीला शाळेत घाला की. कामशेतात कुणा नातेवाइकाकडे ठेवा, मी लक्ष ठेवीन."

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी मास्तरीन व्हय? आमच्या हितं बी ऱ्हायली व्हती येक मास्तरीन. लोनावळ्याची. ह्या मागल्या खोपीत."

मी हातातली मुलींची यादी मिटली. "कधी?"

"लय वर्सं झाली. आदी तिचा धाकला भाऊ आला ऱ्हायाला. छातीचं दुखनं. खोकायचा, रगत पडायचं. गावात कुनी पानी देईना, मंग आमीच दिली खोप. तिकडं लोनावळ्यात ठिवायची सोय नव्हती त्याला. ती बापडी दर शनवारी दूध घिऊन यायची, पर गावात पाय न्हाई टाकायची. टेसनावरच भेटायची. तो चालत जायचा तितवर."

"गावात का यायच्या नाहीत?"

"आवो, हितली मानसं रोज बाजाराला लोनावळ्याला जात्यात. कळलं असतं की भावाला क्षय हाय. मंग पोरींच्या साळंत कोन ठिवनार तिला? लांब बसायची, भांडं न्यारं, समदं संबाळून. त्येला बी तिनंच शिकवल्यालं. म्हनायची, मला साळंत पोरींच्यात जायाचं असतंय मावशी, मला जपाया पायजे."

बाई, मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "मग नोकरी का गेली?"

"कुन्या पोरीनं काय की लिवलं म्हनं तिच्यावर. साळंतून काडली. मंग हितंच आली ऱ्हायाला, भावासंगं. मंग कशाचं लांब बसनं आन् कशाचं न्यारं भांडं. येकाच खोपीत दोगं. दोन वर्सांनी तो गेला. त्येच्या मागनं साल झालं न्हाई तवर ती बी गेली, त्याच दुखन्यानं."

नात तेलकट वेणी पुढे घेऊन माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "ती मुलगी कोण, ते बाईंनी सांगितलं होतं का?"

"नाव न्हाई घेतलं कदी. मी लय इचारलं. म्हनायची, लहान व्हती." मग म्हातारीने डोळे बारीक करून विचारलं, "तुमी वळखत व्हता का तिला?"

मी म्हटलं, "ऐकून होते."

ऑफिसातल्या त्या दिवशी भावाचं नाव घेतलं असतंत तर तुम्ही सुटला असतात, असं मी आधी धरून चालले. मग कळलं की तसं नव्हतं. नाव सांगितलं असतंत तर ते त्याला आणून उभा करा म्हणाले असते, आणि तो दारातून खोकत आत आला असता. बदनामीने नोकरी गेली, ती रोगाच्या भीतीने गेली असती. तुमच्यापुढे वाटच नव्हती. सगळ्या वाटा मी एका वाक्याने बंद केल्या होत्या, आणि ते वाक्यही मी न पाहिलेल्या गोष्टीचं होतं. मी जे पाहिलं होतं, तो पेला, तो रुमाल, ती मधली जागा, तेवढं जसंच्या तसं वाचलं असतं तरी वर्गातल्या एखाद्या शहाण्या माणसाला काय ते कळलं असतं. तेव्हाही कदाचित तुमची नोकरी गेली असती. पण निदान ते खरं असतं. ही पळवाट नाही, असं मी स्वतःला सांगते, आणि मग त्याचाही मला संशय येतो.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडत नाही. तुम्ही मला वाचताना का थांबवलं नाहीत? कधी वाटतं, तुम्हाला धक्का बसला आणि सुचलं नाही. कधी वाटतं, नुकतंच सगळ्यांपुढे ही गोष्ट हिचीच आहे असं सांगून बसला होतात, आणि पुन्हा माझ्यावर अविश्वास दाखवायला तुमचं मन झालं नाही. आणि "लहान होती" हे तुम्ही माफ करून म्हणालात, की माझं नाव जिभेवर घेण्याच्याही लायकीचं नव्हतं म्हणून? म्हातारी गेली. विचारायला कुणी उरलं नाही. म्हातारीनेही मला बरं वाटावं म्हणून ते शब्द आपल्या पदरचे घातले नसतील कशावरून?

मी आता पाचवीला तेच शिकवते. मुलांच्या चुकांच्या गोष्टी घेते, कुणाची चूक, काय हवं होतं, कुठे उभी होती, कोण सांगतंय, सगळं फळ्यावर लिहिते. माझ्या मुली हुशार आहेत, त्यांतल्या काही तर पुरत्या संशयी आहेत, आणि त्यांचे हात वर गेले की मला थोडी भीती वाटते. परवा एक उभी राहिली. काळीसावळी, कामशेतच्या गिरणीवाल्याची मुलगी, मागच्या बाकावर बसणारी. "बाई, तुम्ही आमच्या चुका लिहायला सांगता. तुमची लहानपणची चूक कुठली?" मला उत्तर देता आलं असतं. तुमची गोष्ट सांगण्याइतका वेळ घंटेला अजून होता, मी घड्याळ बघितलं होतं. मी म्हटलं, "लोणावळ्याला आमच्या शेजारी एक चिक्कीवाले होते. एकदा गरम चिक्कीच्या परातीत मी बोट घातलं आणि मांजरानं केलं म्हणून सांगितलं." मुली खूप हसल्या. ती मागच्या बाकावरची मुलगी मात्र हसली नाही. खाली बसता बसता ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचं बरोबर होतं, बाई. आमच्या शेजारी चिक्कीवाले कधीच राहत नव्हते.